मानवरहित यानातला देवाजी

बोडीटोल्याच्या देवाजीच्या भाताच्या बांधीत आषाढातल्या एका मंगळवारी पहाटे अंतराळयान उतरले. ही बाब शासनास कळविण्याची गावात कुणालाही घाई नव्हती, कारण भातलावणीचा रोवणा सुरू होता. रोवण्याच्या दिवसांत आमच्याकडे माणसाने मरायचे झाले तरी जेवणाच्या सुट्टीत मरावे अशी अपेक्षा असते.

देवाजी सकाळी बांधीतले पाणी बघायला गेला, तेव्हा यान मधोमध चिखलात रुतून बसले होते. धान साठवायच्या ढोलीएवढे असेल. त्याची छत्री धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पसरली होती आणि छत्रीखाली भाताच्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या पेंड्या झाकल्या गेल्या होत्या. पऱ्हे कालच उपटून ठेवले होते. बुधवारी रोवायला बायांची टोळी येणार होती. टोळी ठरवण्यासाठी देवाजीची बायको आनंदाबाई पंधरा दिवस दारोदार फिरली होती. उपटलेले पऱ्हे दोन-तीन दिवस कळ काढतात, पुढे पिवळे पडतात. टोळी तेवढीही कळ काढत नाही.

देवाजीने यानाला एक फेरी मारली आणि रीतीप्रमाणे विचारले, "कोनी हाय का जी आतमंदी?" कुणी नव्हते. दार उघडेच होते आणि आत एकच खुर्ची होती. तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. युरियाच्या पोत्याची खोळ देवाजी घरी विसरला होता, म्हणून तो आत शिरला. नागपूरला जावयाच्या घरी जो सोफा आहे, त्यावर देवाजीला आजवर कुणी पाठ टेकू दिली नव्हती. इथे पाठ टेकण्याची तर सोय होतीच, वर आपण पडू नये म्हणून पट्टेही होते. देवाजीने पट्टे बांधले आणि त्याला शांत झोप लागली.

त्याचे चुकले असेल तर एवढेच.

गावचा कोतवाल चिंधू याला यान दिसले. त्याने तलाठी मंगेशभाऊंना फोन केला. मंगेशभाऊ तत्पर होते. पंचनाम्याचे कागद त्यांच्या बॅगेत तयारच असत आणि त्यावर पाच पंचांच्या सह्याही असत. रोवण्यात पंच सापडत नाहीत, म्हणून चिंधू जेठातच कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन ठेवतो. वीज पडली, बैल मेला, पूर आला, मजकूर मागाहून येतो. गावात आजवर कुणाची तक्रार नव्हती. देवाजी स्वतः सात-आठ पंचनाम्यांचा पंच होता, त्यातल्या दोन घटना कुठे घडल्या तेही त्याला ठाऊक नव्हते.

मंगेशभाऊंनी यानात डोकावून पाहिले आणि तिथेच धुऱ्यावर बसून लिहिले : "सदर यानाच्या आसनावर एक इसम पट्ट्याने बांधलेल्या व जिवंत स्थितीत आढळून आला. आवाज दिला असता इसमाने जांभई दिली."

"मंगेशभाऊ, मी देवाजी होय ना जी!" पट्टा सोडवता सोडवता देवाजी म्हणाला.

"मी ओळखतो तुम्हाला. परवाच तुमचा फेरफार केला. पण ओळखणं वेगळं आणि आढळणं वेगळं. तुम्ही यानात आढळलात."

"पान्यापायी बसलो होतो थोडासा."

"ते तुमचं म्हणणं झालं. पंचांचं म्हणणं खाली सहीनिशी आहे."

देवाजीने वाकून पाहिले. पाचव्या नंबरची सही त्याची स्वतःचीच होती. हा इसम यानातून आला, असे तो स्वतःच लिहून देऊन बसला होता.

पंचनाम्यात शेवटी एक रकाना राहिला : 'प्रक्षेपण करणारी संस्था : सरकारी / खासगी. नको ते खोडावे.' तो भरल्याशिवाय यान हलवता येणार नव्हते, आणि यान हलल्याशिवाय बांधीला लागणारे सील निघणार नव्हते. मंगेशभाऊंनी यान निरखून पाहिले. एका अंगाला तिरंगा होता, दुसऱ्या अंगाला 'उंचभरारी स्पेसवेज प्रायव्हेट लिमिटेड' असे होते. हल्ली असेच असते. उड्डाणाचा तळ सरकारचा, रॉकेट कंपनीचे. खुर्ची सरकारची, छत्री कंपनीची. मंगेशभाऊंनी दोन्हीकडे कळवले आणि बांधीभोवती लाल फीत बांधली. पेंड्या फितीच्या आत राहिल्या.

बुधवारी दोन गाड्या आल्या. एकीतून अंतराळ विभागाचे उपसंचालक उतरले, दुसरीतून उंचभरारीच्या भावना मॅडम. दोघांनी एकाच सुरात सांगितले, की हे चाचणीचे उड्डाण होते आणि यान मानवरहित पाठवले होते.

"मग झालं!" देवाजी म्हणाला. "मी जाऊ ना घरी?"

उपसंचालकांनी पंचनामा वाचला. मॅडमनी त्यांच्या खांद्यावरून वाचला. दोघांच्याही ध्यानात ती गोष्ट एकाच वेळी आली. मानव पाठवून मानव परत आणणे दोन-चार देशांना जमले होते. मानव न पाठवता मानव परत आणणे आजवर कुणालाच जमले नव्हते.

"हा आमचा माणूस," उपसंचालक म्हणाले.

"छत्री कुणाची होती, सर? परत आणलाय तो आम्ही," मॅडम म्हणाल्या.

देवाजीला शाळेच्या खोलीत विलग ठेवण्यात आले. त्याच्या शरीराला गुरुत्वाकर्षणाची पुन्हा सवय व्हायची होती, म्हणून त्याने चालू नये असा लेखी आदेश निघाला. आनंदाबाई भाकरी घेऊन आली, तर तिला खिडकीतून बोलावे लागले.

"अजी, टोळी येऊन वापस गेली. कोंढ्याकडच्या बांध्यांत गेल्या बाया. अन तुमी खाटेवर बसून कायले राहिले?"

"मले पाय खाली टेकू देऊन नाई राहिले वं."

"कालपावतर तं चिखलात टेकत होते!"

देवाजीला खरोखर वाईट वाटले. पण दुपारी सरकारतर्फे बदाम आले आणि संध्याकाळी कंपनीतर्फे काजू.

देवाजी कुणाचा, हे ठरवायला गुरुवारी ग्रामसभा झाली. घरकुलाच्या यादीला वीस माणसे येत नाहीत, पण माणसाला अंतराळात सरकारने न्यावे की कंपनीने, यावर बोलायला सारा गाव रोवणा सोडून हजर होता. गुलाब किराणावाला खासगीच्या बाजूने उठला.

"सरकारी दवाखान्यात डाक्टर नाई भेटत, रॉकेटात कोन भेटनार? खाजगीच पाहिजे. माल चोख."

गोदावरीबाई उपसरपंच होत्या. त्या म्हणाल्या, "खाजगी जीप पाहा, भरल्याबिगर निघत नाई. चंद्रावरचं एक शीट कमी पडलं तं वर बसून दिवसभर 'लाखांदूर, लाखांदूर' वरडत राहाल काय? एसटी उशिरा येते, पन रिकामी बी सुटते."

"अन सुटते तवा आपन टेसनावर नसतो!"

"म्हताऱ्याले फुकट तं नेते!"

मुद्दा बिनतोड होता. पंचाहत्तरीच्या वरच्यांना अंतराळात मोफत आणि महिलांना अर्धे तिकीट, असा ठराव लगोलग झाला. उंचभरारीने खिडकीजवळच्या जागेचा दर वेगळा ठेवावा की नाही यावर दोन गट पडले. उपसंचालकांनी सांगितले, की सरकारी यानाला अपघात झाल्यास निष्पक्ष चौकशी होते. भावना मॅडमनी सांगितले, की त्यांच्याकडे अपघात झाल्यास पुढच्या प्रवासावर सूट मिळते. दोन्हींना टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर आनंदाबाई उभी राहिली. तिच्या हातात पऱ्ह्यांची एक पेंडी होती. शेंडे पिवळे पडू लागले होते.

"साहेब, देवाजी कोनाचा बी असू द्या. मले सांगा, बांधी कोन मोकळी करनार?"

उपसंचालक खाकरले. "बाई, माणूस आमचा आहे. पण बांधीत वजन पडलं ते कंपनीच्या यानाचं."

मॅडम हसून म्हणाल्या, "आमचा करार वर जाण्यापुरता आहे. खाली येणं ही सार्वजनिक सेवा आहे. ती सरकारकडे."

"मंजे मानूस दोघाईचा, अन यान कोनाचंच नाई?"

"अगदी बरोबर," दोघे म्हणाले. एवढ्या एका बाबतीत त्यांचे एकमत झाले आणि ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात तसेच घेण्यात आले.

आनंदाबाईने मग गावाकडे पाहिले. "तुमी सांगा ना! ह्या मानसाले तुमी जल्मापासून पाहून राहिले. सांगा की हा देवाजी होय!"

गुलाब छताकडे बघत म्हणाला, "वैनी, सांगतलं असतं. पन माही सही होऊन गेली ना पंचनाम्यावर."

शुक्रवारी टीव्हीवाले आले. गावाच्या वेशीवर डिशच्या छत्र्या लावलेल्या गाड्या उभ्या राहिल्या आणि पडद्यावर अक्षरे झळकू लागली : 'देवाजी कुणाचा? सरकारी असेल तर एक दाबा, खासगी असेल तर दोन दाबा.' जो जिंकेल त्याने यान उचलायचे आणि देवाजीला घेऊन जायचे, असे दोन्ही बाजूंनी मान्य केले. रविवारी निकाल होता. पऱ्ह्यांना हे कुणी कळवले नाही.

निवेदिकेने देवाजीसमोर माईक धरला. "वरून पृथ्वी कशी दिसली?"

"वरून कुठी जी? मी धुऱ्यावरून पाह्यतो."

"किती हा साधेपणा!" ती कॅमेऱ्याला म्हणाली. पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर आले, पुन्हा साधेपणा निघाला. देवाजीचे खरे बोलणे आयुष्यात पहिल्यांदाच कुणी एवढे कौतुकाने ऐकत होते आणि तरीही कुणी ऐकत नव्हते. शनिवारी जावयाचा नागपुरातून फोन आला. तो प्रथमच 'बाबा' म्हणाला. नवा सोफा घेतला आहे, या, म्हणाला. त्या दिवशी कितव्यांदातरी तोच प्रश्न आला, तेव्हा देवाजीच्या तोंडून निघून गेले, "गोल दिसली जी."

टाळ्यांनी शाळेचे पत्रे वाजले. मंगेशभाऊंनी जबाब नोंदवला : "इसमास पृथ्वी गोल दिसली." आनंदाबाई खिडकीत उभी होती. ती डबा खिडकीत ठेवून निघून गेली.

मग मात्र देवाजीची भूक मेली. पंचवीस वर्षे जिच्यासोबत त्याने ती बांधी चिखलली, तिच्यासमोर तो पृथ्वी गोल म्हणाला होता. त्याला स्वतःची अतिशय लाज वाटली. तो खाटेवरून उतरला, आदेश मोडून पायांवर उभा राहिला आणि बाहेर येऊन ओरडला, "मी खोटं बोललो! मी इथलाच देवाजी होय! मले माह्या बांधीत जाऊ द्या!"

"गुरुत्वाकर्षणाचा परिणाम," उपसंचालक म्हणाले.

"प्रवासाचा शीण," मॅडम म्हणाल्या.

मंगेशभाऊंनी त्याला बाजूला घेतले. ते वाईट नव्हते. हळू आवाजात म्हणाले, "काका, आता गप्प राहा. देवाजी वर गेला हे नोंदलंय. देवाजी खाली आला हे नोंदलंय. पण सातबाऱ्यावरचा देवाजी त्या वेळी कुठं होता, हे कुणी विचारलं तर मला 'बेपत्ता' लिहावं लागेल, मग बांधीही तुमच्या नावावर राहणार नाही."

रविवारी बांधीजवळ मोठा पडदा लावला. सगळ्यांच्या हातात फोन होते, सगळे दाबत होते. आनंदाबाईने चिंधूचा फोन मागितला आणि तो उलटसुलट करून पाहिला.

"चिंधूभाऊ, तिसरं बटन कुठी हाय?"

"कोनतं वैनी?"

"देवाजीले घरी जाऊ द्या म्हनाचं."

चिंधूने बारकाईने शोधले. नव्हते. मग त्याने फोन परत घेतला आणि वेळ संपत आल्यामुळे पटकन एक दाबले.

निकाल समसमान लागला. मतदानास मुदतवाढ मिळाली, मग आणखी एक मिळाली. पऱ्हे धुऱ्यावर सडले आणि त्या साली ती बांधी पडीक राहिली. देवाजी एक महिना सरकारकडे आणि एक महिना कंपनीकडे राहतो. दोन्हीकडे पृथ्वी गोल आहे असे सांगतो. आनंदाबाई दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवायला जाते. यान तिथेच आहे.

पाच पंचांच्या सह्यांवर हा पंचनामा कायदेशीरदृष्ट्या थोडा कच्चा होता, असे मंगेशभाऊंना आधी वाटत होते. आता तशी भीती राहिली नाही. राज्यभरातून चाळीस लाख लोकांनी बटण दाबले, आणि बांधीचे काय झाले असे एकानेही विचारले नाही. त्या सर्वांचे फोन नंबर पंच म्हणून कागदाला जोडले आहेत. आपण एक दाबले होते की दोन, हे वाचकांनी आठवून ठेवावे. साक्षीला बोलावणे आले तर लागेल.