मागची बाई

जनाबाई गेली तेव्हा तिच्या घरात दोन जावई फोटोग्राफर होते आणि तिचा एकही फोटो नव्हता.

ही गोष्ट लक्षात आली दुसऱ्या दिवशी सकाळी. शेणवे गावातल्या त्या घराच्या ओटीवर माणसं बसली होती. अंगणात भात वाळत घातलेलं तसंच पडलं होतं. तेच पसरता पसरता जनाबाई आदल्या दिवशी खाली बसली होती आणि मग आडवी झाली होती. तिचा नवरा कोंडू खांबाला टेकून बसला होता. कोंबड्या भात खात होत्या. तो बघत होता, पण हाकलत नव्हता.

तेवढ्यात भावकीतला शेखर हळूच म्हणाला, "काका, दहाव्याला फोटो लागंल. नाक्यावर ब्यानर पन लावाय पायजे."

कोंडू कोंबड्यांकडेच बघत राहिला.

"आन् फोटोची आपल्याला काय चिंता?" शेखर म्हणाला. "घरात दोन-दोन जावई."

सगळ्यांनी दोन जावयांकडे पाहिलं. दोन जावयांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

थोरली मैना हरेशला दिलेली. हरेशचा शहापुरात स्टुडिओ, आणि हरेश म्हणजे कॅनन. धाकटी माधुरी किशोरला दिलेली. किशोरचा मुरबाडला स्टुडिओ, आणि किशोर म्हणजे निकॉन. एरवी साडू-साडू मानपानावरून भांडतात, हे दोघे रंगांवरून भांडत. "तुज्या कॅमेऱ्यात नवरी पिवळी पडते, कावीळ झाल्यासारखी," असं हरेश म्हणायचा. "तुज्यात नवरदेव पन गुलाबी येतो, पावडर लावल्यावानी," असं किशोर म्हणायचा. सणाला सासुरवाडीला आले की दोघांच्या पाठीवर मोठमोठ्या बॅगा असत. जेवणं झाली की भिंगं बाहेर निघत, ओटीवर मांडली जात, आणि मग ज्याचं भिंग आखूड तो दिवसभर घुम्यासारखा बसे.

जनाबाई मधूनमधून म्हणायची, "हरेशराव, माजा येक काडा की."

"मामी, आता लांबची लेन्स लावलीय. पाखरांची. तुमी फार जवळ हाव."

मग ती किशोरकडे जायची. तो म्हणायचा, "काढू ना मामी. जरा ऊन कलू द्या." ऊन कलेपर्यंत जनाबाई चुलीपाशी गेलेली असायची.

पोरींनी आपापल्या मोबाईलवर तरी काढावा, तर तीही सोय नव्हती. मैनेने एकदा मोबाईल काढला तेव्हा हरेश सगळ्यांसमोर म्हणाला होता, "फोटोग्राफरची बायको आन् मोबाईलवर फोटो? पुसून टाक पयला." माधुरीच्या घरी हाच कायदा निकॉनच्या नावाने होता. पोरींच्या लग्नाचे अल्बम होते, पण मंगलाष्टकांच्या वेळी जनाबाई रिवाजाप्रमाणे तुळशीला पाणी घालत होती आणि कन्यादानाला पदर नाकापर्यंत ओढून खाली मान घालून बसली होती. आधार कार्डात पाणी शिरून चेहऱ्याच्या जागी तपकिरी ढग झाला होता. नवं उतरवून घ्यावं तर त्याला जोडलेला मोबाईल नंबर कधीच बंद पडलेला.

"माज्या हार्ड डिस्कमदी असंल," हरेश म्हणाला.

"माज्यात तर असनारच," किशोर म्हणाला.

दोघांचे लॅपटॉप माजघरात, दोन टोकांना उघडले गेले. मैना नवऱ्याच्या मागे बसली, माधुरी आपल्या. सासुरवाडीच्या अंगणातले इतक्या वर्षांचे हजारो फोटो सरकू लागले. खंड्या पक्षी होता, तो मासा धरताना, मासा सोडताना, नुसताच बसलेला. भाताच्या लोंबीवर थेंब होता. माहुलीचा डोंगर होता, ढगासकट आणि ढगाविना. भिंतीच्या विटा होत्या, त्या भिंगाची धार तपासायला काढलेल्या. कोंडूचा बैल तर तीन-चार कोनांतून होता आणि छान आला होता.

जनाबाईही होती. एका फोटोच्या कडेला चहाची कपबशी धरलेला तिचा हात होता. एकात खांबाआडून अर्धा पदर. एकात पाठ.

"ही बघा, ही आय!" माधुरी एकदम म्हणाली.

किशोरने फोटो मोठा केला. पुढे जास्वंदीचं फूल होतं, त्याचा एकेक पराग मोजून घ्यावा असा. मागे हिरव्या-तपकिरी धुक्यात एक बाईच्या आकाराचा डाग होता.

हा फोटो किशोरच्या चांगला लक्षात होता. मागचं सगळं असं धूसर झालं की फोटोग्राफर लोक त्याला 'बोके' म्हणतात. त्या दिवशी किशोर अंगणात ओरडला होता, "काय बोके आलेत!" आणि ते ऐकून जनाबाईने आत जाऊन दुधाचं पातेलं झाकलं होतं. त्याने तो फोटो फोटोग्राफरांच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं होतं, 'मागची बाई कशी विरघळलीय बघा. कॅननवाल्यांनी करून दाखवावं.' हरेशने रागाने त्याच आठवड्यात त्याहून महाग भिंग घेतलं होतं आणि मागची बाई त्याहून जास्त विरघळवून दाखवली होती.

आता दोघेही त्या डागाकडे बघत राहिले.

"याला शार्प करता येतं," हरेश म्हणाला.

"काय करता येतं?" मैना म्हणाली. "नाक तरी हाय का त्याला?"

ती उठून बाहेर गेली. माधुरीही गेली. अंगणात दोघी बहिणींनी भात गोळा करायला घेतलं.

किशोर मुरबाडला परतला तो मनाला टोचणी घेऊनच. पण टोचणी एकटी नव्हती. हरेशला आधी फोटो सापडला तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, हीही धास्ती होती. त्याने स्टुडिओ बंद करून जुन्या लग्नांचे फोटो उपसायला सुरुवात केली, आणि चुलत मेव्हणीच्या हळदीत त्याला ती सापडली. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, किंचित वळलेली मान. डोळ्यांत मांडवाचे दिवे चमकत होते. पापणीचा केस न् केस दिसत होता. त्या हळदीला मामी हिरव्या लुगड्यात होती, हे त्याला पक्कं आठवत होतं.

त्याला हुंदका आला. तो खरा होता. मग डोळे पुसून त्याने फोटो दोनशे टक्के मोठा करून बघितला, आणि त्याचं समाधान झालं.

घरी दाखवावा, असं त्याच्या मनात आलं. पण मैनाताईला दाखवला की हरेश बघणार, आणि हरेशने बघितला की अंधाऱ्या भागात फोटो दाणेदार झालाय म्हणणार. म्हणून त्याने माधुरीलाही न दाखवता फोटो थेट फ्लेक्सवाल्याकडे पाठवला आणि एक फ्रेमही करायला टाकली.

दुसऱ्या दिवशी शेणव्याच्या नाक्यावर भलामोठा बॅनर लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली. कै. जनाबाई.' खाली शोकाकुलांमध्ये दोन्ही जावयांची नावं होती, फक्त किशोरचं जरा आधी.

बॅनर पहिल्यांदा बघितला तो हरेशने. मोटरसायकल लावून तो त्याच्याखाली उभा राहिला. बराच वेळ राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, जावयाला सासूचं दुःख झालंय. दुःख झालंच होतं. फोटो फारच चांगला होता. हरेश पुढे गेला, मागे गेला, डोळे बारीक केले, आणि अखेर त्याला कपाळावरचा पांढरा ठिपका सापडला. दिव्याचा उजेड जास्त झाला होता. त्याने बॅनरचा फोटो काढून, ठिपक्याभोवती लाल गोल करून ग्रुपवर टाकला, 'कपाळ गेलं. निकॉनवाल्यांनी उत्तर द्यावं.' त्यावर तासभर चर्चा झाली. कोणी म्हणालं उजेडाचा दोष, कोणी म्हणालं छपाईचा. किशोर सगळ्यांना पुरून उरला.

संध्याकाळी हरेशने तो फोटो मैनेपुढे धरला. "बघ तुज्या भावजींचं काम. कपाळ बघ."

मैनेने बघितलं. ती कपाळाकडे बघतच नव्हती.

"ही आय नाय," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"ही सावळी मावशी हाय, उंबरमाळीची. त्या हळदीला दोघींना सारखीच लुगडी घेतली होती." तिचा आवाज चिरकला. "मावशी जित्ती हाय वो!"

हरेशने मोबाईल आपल्याकडे वळवला आणि पहिल्यांदाच चेहरा बघितला.

तोवर बॅनरवरचा चेहरा मोबाईलवरून फार लांब गेला होता, खालचं नाव वाचायला कोणी थांबलं नव्हतं. उंबरमाळीला सावळी चुलीपुढे भाकऱ्या थापत असताना दारात शेजारच्या दोन बाया रडत आल्या आणि तिला बघून किंचाळल्या. कसाऱ्याहून तिचा दीर पांढरे कपडे घालून निघाला. सुनेच्या माहेरच्यांचा फोन आला, तो सावळीनेच उचलला. "कधी गेल्या?" पलीकडून विचारलं. "अजून नाय," सावळी म्हणाली.

बहिणीच्या मातीला येऊन ती तिसऱ्या दिवशीच परतली होती. आता ती पुन्हा निघाली. गाडीने आसनगाव, पुढे शहापूर, तिथून शेअर रिक्षा. नाक्यावर रिक्षा बॅनरसमोर थांबली, तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाने एकदा वर बघितलं, एकदा बाजूला बघितलं, आणि तो उरलेलं अंतर चालत जायला उतरला.

सावळी ओटीवर येऊन उभी राहिली तेव्हा सगळे घरात होते. किशोरही आला होता. फ्रेम त्याच्या हातात होती, ती कुठे ठेवावी ते त्याला कळत नव्हतं.

"कुनी केला ह्यो परकार?" सावळी म्हणाली.

"मावशी, जरा चूक झाली," किशोर पुटपुटला. "फोकस तुमच्यावर गेला."

"फोकस? मानूस चुकला, जावईबापू!"

हरेशला राहवेना. "मी तर पयल्यापासून सांगत होतो, ह्या निकॉनच्या..."

"तुमी बोलू नका," मैना म्हणाली. "तासभर त्याच फोटोखाली उभे होतात तुमी. कपाळ बघत."

हरेश खाली बसला.

मग कोंडू बोलला. जनाबाई गेल्यापासून तो एवढं पहिल्यांदाच बोलत होता. "येवढाली यंत्रं घेऊन फिरता. वर्सावर्साला हितं येता. तिच्या हातचं खाता. सांगा मंग, तिच्या तोंडावर तीळ होता, तो कुटं होता? डाव्या अंगाला का उजव्या?"

हरेशने किशोरकडे पाहिलं. किशोरने हातातल्या फ्रेमकडे पाहिलं, पण तिचा काही उपयोग नव्हता.

"सांगा की!" कोंडू कडाडला. "नाय सांगता येत? अरे, तो..."

त्याने हात आपल्या गालाकडे नेला. डाव्या गालापाशी थांबला. मग हात उजवीकडे गेला, तिथेही थांबला. तो तसाच हात अधांतरी धरून बसून राहिला. तोंड उघडं होतं. एवढा संसार झाला, भाकरी वाढताना ती रोज पुढ्यात वाकायची, आणि त्याला भाकरी आठवत होती.

सावळी त्याच्याजवळ बसली आणि त्याचा हात धरून खाली घेतला.

"हनुवटीला होता भावजी," ती म्हणाली. "खालच्या बाजूला. दिसायचा नाय कुनाला."

म्हातारा रडू लागला. मग पोरी रडल्या, आणि जावईही रडले, दोन वेगळ्या खांबांना टेकून.

दहावं फोटोशिवाय झालं. पाटावर तांदूळ पसरून त्यावर एक दिवा ठेवला, लोक त्यालाच नमस्कार करून गेले. बॅनर शेखरने उतरवला. फ्रेम सावळीने मागून घेतली. "माजा हाय ना? मंग माज्या घरी जाऊ दे. असा फोटो आमच्याकडं कोन काडनार? तारीख तेवडी नका लिवू."

ती निघायच्या तयारीत असताना कोंडू तिच्याकडे एकटक बघत होता.

"काय बघताय भावजी?"

"काय नाय. तुज्यात ती कुटं कुटं हाय, ते बघतो."

हे ऐकून हरेश उठला. तो आत गेला आणि कॅमेरा घेऊन आला. किशोरही उठून आपला घेऊन आला. सावळीने पदर सारखा केला आणि ओटीच्या पायरीवर बसली. ऊन कललं होतं. उजेड असा होता, की दोघांनाही त्यात काही खोट काढता येईना.

हरेशने कॅमेरा डोळ्याला लावला, मग खाली घेतला. "किशोर, तू काढ," तो म्हणाला.

"नाय, नाय. तू थोरला. तू काढ."

"आरं, तुज्याकडं ती नवीन लेन्स हाय. चेहऱ्याला तीच चांगली."

"पन रंग तुजाच खरा येतो. मी कवा बोललो नाय, पन येतो. मानसाचा रंग कॅननलाच."

"असं कसं? डोळ्यांची धार निकॉनसारखी कुटं हाय? तू काढ."

"नाय रे, तुजा मान."

"तूच काढ. माजी शपथ."

सावळी जरा वेळ बसली. मान अवघडली तशी तिने ती सोडली. रस्त्यावर शहापूरची रिक्षा येऊन थांबली होती आणि भोंगा वाजवत होती. "तुमचं चालू द्या," ती म्हणाली, फ्रेम काखेत मारली, कोंडूच्या पाया पडली आणि जाऊन रिक्षात बसली.

रिक्षा हलली तेव्हा दोघांच्या लक्षात आलं. दोघेही धावत रस्त्यावर गेले आणि दोघांनीही एकदमच बटण दाबलं.

दोन्ही फोटो उत्तम आले. रिक्षाचा नंबर अगदी स्पष्ट वाचता येत होता.