लेपर्डमधला ‘ओ’

रावेरच्या आमच्या गल्लीत इंग्रजी जाणणारा माणूस एकच, आणि तो मी. (हे मीच ठरवलेलं आहे, पण आजवर कोणी हरकत घेतली नव्हती.) केळीच्या ट्रकांच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, मी इंग्रजीत लिहितो. म्हणून मागच्या बागेत बिबट्या दिसला, तेव्हा वनखात्याच्या साहेबांपुढे बोलायला सगळ्यांनी मलाच पुढे केलं. मागायचा होता एक पिंजरा. तो लागेपर्यंत बागेत घड कापायला जायचं नाही, असं मजुरांनी ठरवलं होतं. त्यांचा मुकादम तेरसिंग मी निघताना म्हणाला, “भाऊ, बिबट्या येस इतलंच सांगा, नि पिंजरा मांगी ल्या.”

एवढंच बोलायचं तर मी कशाला हवा होतो? मी सुरुवात केली, “सर, लिओपार्ड...”

साहेब पंचविशीतले. गालात हसून म्हणाले, “लेपर्ड. त्यात ‘ओ’चा उच्चार होत नाही.”

माझे कान तापले. उच्चारायचा नाही तर तो ‘ओ’ लिहितात कशाला, याच विचारात मी तिथला चहा प्यायलो आणि परत आलो. पिंजऱ्याचं राहूनच गेलं.

तेरसिंगला म्हटलं, “येत्या सोमवारी पुन्हा जातो. पूर्ण तयारीनिशी.” मजूर आणखी आठ दिवस घरी बसले. (थोर कार्याला वेळ लागतो.)

मोबाइलमध्ये उच्चार शिकवणारी एक बाई असते. ती म्हणायची “लेपर्ड”, मी अंगणात उभा राहून म्हणायचो “लेओपर्ड”, आणि ती लाल फुली मारायची. सकाळ-संध्याकाळ हेच. भिंतीपलीकडून निंबा नाना निकाल सांगायचे, “ ‘ओ’ अजून आहे हो!” माझी बायको सकीना भाकरी थापता थापता म्हणायची, “इतनी मेहनत दसवी में करते, तो आज साहब तुम होते.”

रविवारी दिवेलागणीला मी अंगणातल्या संडासातून बाहेर पडलो, तर कोंबड्यांच्या खुराड्यावर दोन डोळे चमकले. अंगावर ठिपके होते. (निदान मला दिसले.) मी आल्या पावली आत शिरलो, कडी लावली आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, “लेपर्ड! लेपर्ड!”

खरं सांगतो, इतका शुद्ध उच्चार मला आठ दिवसांत एकदाही साधला नव्हता.

भिंतीपलीकडून टाळ्या आल्या. “वा, अन्वरभाऊ! गेला ‘ओ’!”

“नाना, खरंच लेपर्ड आहे!”

“आता तर वाक्यातसुद्धा बसला!”

स्वयंपाकघरातून सकीना ओरडली, “अब बस भी करो जी! कल साहब के सामने बोलना!”

मी जसजसा घाबरत गेलो, तसतसा उच्चार सुधारत गेला. इकडे खुराड्यात फडफड झाली, एक कोंबडी किंचाळली. तिला निदान भाषेची अडचण नव्हती. वीस मिनिटांनी माझं सगळं इंग्रजी संपलं, आणि तोंडातून आपोआप निघालं, “अरे, बिबट्याऽऽ!”

अर्ध्या मिनिटात अख्खी गल्ली काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन अंगणात. मला बाहेर काढलं, पाणी पाजलं. एक कोंबडी गेली होती, पण माझा भाव वधारला. बिबट्याला समोरासमोर पाहिलेला गल्लीतला पहिला माणूस! जेवणाआधी तो किस्सा मी सहा वेळा सांगितला, आणि दर वेळी बिबट्या हातभर लांब होत गेला.

सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो, तर दारात ट्रॅक्टर. ट्रॉलीत भलामोठा पिंजरा, शेजारी वनरक्षक हेमलताताई आणि तेरसिंग. शनिवारी तेरसिंग स्वतःच चालत ऑफिसात गेला होता आणि दोन वाक्यं बोलून आला होता. साहेबांनी त्याचा उच्चार काही तपासला नाही.

“काल तुमच्याकडे आला होता म्हणे?” ताईंनी मला विचारलं.

सगळी गल्ली ऐकत होती. मी घसा साफ केला. “येस मॅडम. लेपर्ड.”

ताई खुराड्यापाशी वाकल्या. मातीत ठसा होता, लिंबाएवढा. “भाऊ, बिबट्याचा पंजा याच्या दुप्पट असतो,” त्या म्हणाल्या. “हे रानमांजर आहे.”

कोणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तेरसिंगने फक्त अदबीने विचारलं, “भाऊ, मांजरले इंग्रजीमा काय म्हंतस?”

मी सांगितलं. उच्चार पहिल्याच फटक्यात बरोबर आला.