बाष्पीभवनास मनाई

बालवर्गाच्या बाईंची नोकरी कायम व्हायची होती. त्यासाठी तपासणीच्या दिवशी ‘कलेतून जलचक्र’ हा उपक्रम वर्गात दिसणे आवश्यक होते. बाईंनी मुलांच्या हाती ब्रश आणि साधं पाणी दिलं आणि वर्गाची काळी भिंत मोकळी करून दिली. मुलांनी ढग काढले, नदी काढली, एकाने हत्ती काढला. खिडकीतून ऊन आलं आणि सगळं हळूहळू नाहीसं झालं. “वर गेलं, वर गेलं,” म्हणत मुलं नाचली. बाईही नाचल्या.

मोठ्या बाई मात्र नाचल्या नाहीत.

“चित्रं कुठायत?”

“वाफ झाली. तोच तर धडा आहे.”

“धडा झाला हो. साहेबांना दाखवायचं काय, वाफ? तुम्हाला कायम व्हायचंय ना?”

सबब, तपासणी होईपर्यंत बाष्पीभवन तहकूब करण्यात आले. चित्रं पुन्हा काढली. खिडक्या लावल्या, पंखे बंद केले. तरी भिंत आडमुठेपणाने वाळतच राहिली, तेव्हा तिच्यावर पाणी फवारायला शिपाईकाकांची नेमणूक झाली. फवाऱ्याखाली हत्ती ढगात मिसळला. त्याची ‘वन्यजीव व पर्यावरण : सहजीवन’ अशी नोंद झाली. फवाऱ्याला पाणी कमी पडू लागलं, म्हणून मुलांचं पिण्याचं पिंप त्या कामी वर्ग करण्यात आलं. जमिनीवर तळं साचलं. मुलं बाकांवर पाय वर घेऊन होड्या सोडू लागली. इतका आनंद अभ्यासक्रमात बसत नव्हता, पण वेळ कोणाला होता?

तपासनीस साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत आले. पुढचे दात पडल्यामुळे सगळे जिला ‘खिडकी’ म्हणत, त्या मुलीसमोर ते थांबले.

“पाऊस कसा पडतो, बाळ?”

बाईंचा जीव टांगणीला लागला.

“शिपाईकाका पाडतात.”

“असं? कधी?”

“साहेब यायचे असले की.”

“आणि एरवी?”

“एरवी घरून बाटली आणायची.”

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. शिक्षण खात्यात येण्यापूर्वी साहेब पाणीपुरवठा खात्यात होते. त्यांनी मुलीला पैकीच्या पैकी गुण दिले आणि बाईंना जागच्या जागी कायम केलं.

वाचकहो, पोरीला खुशाल हसा. पण तुमच्या गल्लीच्या नळाला भरदुपारी धो धो पाणी येतं, तेव्हा तुम्ही ढगांकडे बघता, की आज कोण येणार आहे ते शेजाऱ्याला विचारता?