दावं तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या

मला हे लिहायचं नव्हतं. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसानं (त्यातली दोन वर्षं तिसरीतच गेली) मेंढरं राखावीत, कागद काळे करू नयेत. पण माझी लेक सायली ही गोष्ट लग्नात सांगते, बारशात सांगते, एकदा तर दहाव्याला सांगितली, आणि दर वेळी मी आदल्या वेळेपेक्षा जास्त येडा निघतो. परवा भांडलो तर म्हणाली, "आबा, मी चुकीचं सांगत असंल तर तुमीच लिहा की." घ्या मग. लिहितो.

दिवाळीला लेक-जावई आमच्याकडं नांदूरघाटला आलते. जेवताना मी एवढंच म्हणालो की भाकर जाड झाली. हे मी बेचाळीस वर्षं म्हणतोय, त्याशिवाय घास उतरत नाही. पण त्या दिवशी साखराबाईनं (आमची मंडळी) परात दाणकन खाली ठेवली.

"बेचाळीस वर्षांत एक दिस आयती भाकर खाल्ली न्हाई मी. जाड का पातळ, मला कशी कळावी?"

जावई बघतोय, लेक बघतेय. माझ्या तोंडातून निघून गेलं, "जा! आठ दिस तुला चुलीला हात लावू देणार न्हाई. डोंगरावर थंड हवेला नेतो. तात्याबाचा शब्द हाय!"

साखराबाईनं पदराच्या टोकाला गाठ मारली. म्हणाली, "हे झालं की सोडीन."

आता ती गाठ मला उठता-बसता दिसायला लागली.

जावई रविराज बीडला असतो. त्याला कुठल्याशा कंपनीचा फोन आला की तुमचा नंबर लागलाय, जोडीनं जेवायला या. आम्ही चौघं गेलो. जेवण बरं होतं, पण जेवण झाल्यावर उठू देईनात. गळ्याला पट्टा बांधलेला एक माणूस समोर बसला आणि सांगू लागला, एकदा पैसे भरा, मग दर साली एक आठवडा डोंगरावरची खोली तुमची.

"दाव की खोली," मी म्हणालो.

"अंकल, ती बिल्डिंग अजून बांधतोय."

"म्हंजे गाभण म्हशीच्या पोटातलं रेडकू इकतोस व्हय बे? रेडी व्हईल का रेडा, तुला तरी ठावं हाय का?"

तो हसला. त्यांना हसायचाच पगार असतो. भाव सांगितला तर माझी वीस मेंढरं जात होती. वर दर साली देखभालीचा खर्च वेगळा. (जनावर त्यांच्या गोठ्यात आणि चारा माझा.)

बाहेर आल्यावर मी जाहीर केलं, "जुनंच घ्यायचं. जे जनावर दुसऱ्याच्या दावणीला चार वर्षं राहिलंय, त्याची खोड कळलेली असते."

रविराज म्हणाला, "मामा, कंपनीकडनं घेतलं की कागद सरळ ऱ्हातो. जुन्यात नाव बदलायची भानगड असते."

"चाळीस वर्षं मी नेकनूरच्या बाजारात जनावरं घेतोय. तू मला खरेदी शिकवतो का?"

जावई चांगला आहे. गप्प बसतो.

त्यानंच मग बीडमधले मोहनराव शोधून दिले. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, गुडघ्यांनी बेजार. त्यांच्याकडं त्याच डोंगरावरचा, तयार बिल्डिंगमधला, मे महिन्यातला दुसरा आठवडा होता. पोरं पुण्याला, हे दोघंच. विकायचा म्हणत होते. त्यांच्याकडं मी एकटा गेलो. खरेदीला जास्त माणसं नेली की भाव चढतो.

कोचावर त्यांच्या शेजारी बसलो. खांद्यावरचा पंचा काढला, त्यांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली. बाजारात भाव असाच होतो. तोंडानं आकडा बोलायचा नाही, बोटं दाबायची. मी आठ मेंढरांचा भाव दाबला. मोहनराव माझ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात त्यांच्या मंडळी विमलबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो, यांना बरं वाटत नाहीये का?"

"असू दे गं," मोहनराव म्हणाले, "माझ्या गुडघ्यांचं ऐकून जीव कळवळला त्यांचा." आणि माझी बोटं त्यांनी प्रेमानं दाबली. दोनदा.

त्या दाबण्याचा भाव सहा मेंढरं होत होता! मी लगेच पंचा उचलला, तेवढे पैसे त्यांच्यापुढं मोजले, त्यांनी ठेवून घेतले. झाला सौदा. (कुठं वीस, कुठं सहा. तुमीच सांगा येडा कोण.)

"आता खोड सांगा," मी म्हणालो.

"खोड? तशी काही नाही. माकडं येतात फक्त."

माकडं काय खोड नाही. मग मोहनरावांनी एक फाईल आणि त्यांच्या फोटोचं कार्ड पुढं केलं. "हे तुमचं. आणि या अर्जावर सही करा, म्हणजे कंपनी तुमचं नाव लावेल."

मी हात वर केला. "दावं तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्यात जनावर विकणारा गळ्यातलं दावं देत नाही आणि घेणाऱ्यानं ते मागायचं नसतं. दाव्यासंगं गोठ्याची बरकत जाते म्हणतात. घेणारा आपलं कोरं दावं घेऊन येतो. सौदा बोटांवर झालाय, पैसे दिलेत, मग मोहनरावाच्या गोठ्याची बरकत मी कशाला न्यावी? एवढी रीत मला आहे.

"पण कार्डाशिवाय..."

"ऱ्हाऊ द्या म्हणलं ना. तुमच्या हातात शोभतंय."

विमलबाईंनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, शहरात राहून रीत जाणतात.

मे महिना उजाडला. मेंढरं भावाच्या हवाली केली, अंबाडीचं कोरं दावं घेतलं आणि आम्ही एसटीला बसलो. साखराबाईच्या गाठोड्याला हात लावला तर जड.

"काय हाय ह्यात?"

"पाच किलो पीठ. तवा."

"कावून? माझ्या शब्दावर भरवसा न्हाई?"

"हाय की. पीठ असलेलं बरं."

तीन गाड्या बदलून डोंगरावर पोचलो. काउंटरवर एक पोरगी होती. मी आधार कार्ड काढायला पिशवीत हात घातला तर आधी दावंच बाहेर आलं. ती दोन पावलं मागं सरली.

"सॉरी सर, तुमच्या नावाचं बुकिंग नाही. या आठवड्याचे मेंबर सकाळीच आलेत. एकशे चारमध्ये आहेत. मोहनराव."

माझं डोकंच फिरलं. मी तिथं जे बोललो ते सायली प्रत्येक लग्नात बोलून दाखवते, मी लिहिणार नाही. बाहेर आलो आणि दारासमोरच्या हिरव्यागार गवतावर घोंगडी टाकून बसलो. वॉचमन पळत आला.

"बाबा, लॉनवर बसता येत नाही."

"मंग वाढवलंय कशाला? मेंढरू खात न्हाई, माणूस बसत न्हाई, गवत हाय का देव हाय? पंच बोलीव. न्याय झाल्याबिगर उठत न्हाई मी!"

लोक जमले. मी अजून पुष्कळ बोलणार होतो, पण सहज मागं बघितलं. साखराबाईनं गाठोडं सोडलं होतं आणि ती कुंड्यांमागं काहीतरी हुडकत होती. तिच्या हातात दोन दगड होते. तिसरा बघत होती.

चुलीसाठी.

रागावली नव्हती, रडत नव्हती. रोजच्यासारखी दगड बघत होती. पदराची गाठ तशीच.

"खाली ठिव ते दगड!" मी असा ओरडलो की वॉचमननंच हातातली काठी खाली ठेवली. तिचा हात धरला आणि तरातरा जाऊन एकशे चारचं दार बडवलं.

दार उघडलं विमलबाईंनी. "अगं बाई! तात्याबा! तुम्ही कसे?"

"खोली कुणाची हाय?"

"तुमचीच की! तुम्हीच म्हणालात ना, कार्ड राहू द्या तुमच्याकडे. आम्हाला वाटलं, यंदा शेवटचं जाऊन या म्हणताय. आम्ही सगळ्या सोसायटीत सांगितलं, असा माणूस नाही."

आता मोठ्या मनाचा माणूस ठरल्यावर भांडायचं कसं? बाजारच्या रीतीत यावर तोडगा नाही.

मोहनरावांनी तीनदा माफी मागितली. विमलबाईंनी साखराबाईला आत नेलं, तिच्याकडून गाठीची गोष्ट ऐकली, कोरी चादर घातली आणि सांगितलं, "बसा. मीही इथे शेगडीला हात लावणार नाही. यांनीही मला तसाच शब्द दिलाय." दोघी पलंगावर, आम्ही दोघं बाहेरच्या कोचावर. खालच्या हॉटेलात एक वेळ जेवलो. बिल बघितलं तर मेंढरात बसेना.

मोहनरावांना पाणीसुद्धा उकळता येत नाही. मी ऐन जवानीत चार-चार महिने मेंढरांमागं रानात राहिलोय, भाकरी मला येतात. पीठ होतं, तवा होता.

आठवडाभर, दोन्ही वेळच्या, चार माणसांच्या भाकरी मी थापल्या. विजेच्या शेगडीवर, जिचा जाळ दिसत नाही. शेजारच्या खोलीत कंपनीकडून नवं घेतलेला एक गृहस्थ होता. त्याची बिल्डिंग अजून पोटातच, म्हणून त्याला तात्पुरता इथं ठेवलेला. तोही ताट घेऊन यायचा. (वीस मेंढरंवाला!) एका माकडानं खिडकीतून भाकर नेली, एक चावा घेतला आणि परत आणून ठेवली.

शेवटच्या दिवशी रविराज सायलीला घेऊन आम्हाला न्यायला आला. तिथल्या ऑफिसात मोहनरावांची आणि माझी सही घेतली, दहा मिनिटांत आठवडा माझ्या नावावर. म्हणजे जुनं घेतलं हेच बरोबर होतं, हे लिहून ठेवा. त्यानंही माझी माफी मागितली. कशाबद्दल ते त्याला ठाऊक नव्हतं, पण मागितली. कंपनीच्या पोरीनं तर अकरा वेळा सॉरी म्हटलं.

निघताना साखराबाईनं सगळ्यांदेखत पदराची गाठ सोडली. मला भरून आलं. मी विचारलं, "मंग? खाल्ली ना आठ दिस आयती भाकर? कशी व्हती?"

ती शांतपणे म्हणाली, "जाड व्हती."

मोहनराव हसले, जावई हसला, वॉचमन हसला. सायली अजून हसतेय. सगळ्यांची माफी मिळाली, एकीची राहिलीय, आणि ती मिळेपर्यंत मी हटणार नाही. तेव्हापासून सकाळची भाकर मीच थापतो हे खरं, पण ते हात बसावा म्हणून. कुणाला भिऊन न्हाई. ऐकतीस का, साखराबाई?