विभक्त होण्यापुरता सहवास

लग्न झालेल्या दोन माणसांनी एकाच घरात राहावे, याला सरकारची तत्त्वतः हरकत नसते. दोघांपैकी एक परदेशी असला, तर तेवढी वेळ साधावी लागते.

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या एका बाईने परदेशी लिफ्टवाल्याशी लग्न केले होते. कामानिमित्त त्याच्या देशात गेली असताना ती एका इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकली. हा बाहेरून दुरुस्ती करत होता आणि तिने घाबरू नये म्हणून फटीतून गप्पा मारत होता. अखेर दार उघडले, तेव्हा दोघांनाही थोडे वाईटच वाटले. पुढे तो तिची भाषा शिकला, इकडे येऊन त्याने तिच्याशी नोंदणी कार्यालयात लग्न केले, आणि रजा संपल्यावर परत गेला. आता त्याने कायमचे इकडे यायचे, एवढेच उरले होते.

"एकत्र राहता का?" व्हिसा कार्यालयाच्या खिडकीतल्या साहेबांनी तिला विचारले.

"नाही. त्यासाठीच तर अर्ज करतेय."

"बाई, हा सहवासाचा व्हिसा आहे. सहवासच नसेल तर आम्ही तो कशाच्या आधारावर द्यायचा?"

"मग तो पर्यटक म्हणून येऊन राहिला तर?"

"पर्यटकाने पर्यटन करावं," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "बायको प्रेक्षणीय स्थळांमध्ये मोडत नाही."

टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर एक व्हिसा सल्लागार बसत असत. त्यांनी तिला पाणी दिले आणि मुद्द्याला हात घातला. "सगळा खेळ वेळेचा आहे. लग्नानंतर लगेच अर्ज केला तर घाई दिसते, आणि घाई म्हणजे लबाडी. उशिरा केला तर म्हणतात, इतके दिवस अडलं नाही, पुढेही अडणार नाही. नवरा वारंवार भेटायला आला तर मागच्या दाराने घुसतोय, आलाच नाही तर प्रेम नाही."

"मग यायचं तरी कधी?"

"उन्हाळ्यात. उन्हाळ्यात माणूस निरागस दिसतो."

तो उन्हाळ्यात आला. विमानतळावर त्याची बॅग उघडली, तर तळाशी लोकरीचा कोट निघाला. ऐन उकाड्यात कोट आणणाऱ्या माणसाचा हिवाळ्यापर्यंत मुक्काम ठोकण्याचा डाव आहे, असा निष्कर्ष तिथल्या अधिकाऱ्याने काढला. तो खराही होता. बाहेर थांबलेल्या बायकोला काचेपलीकडून नवरा दिसला. त्याने हात हलवला, तिने हलवला, आणि पुढच्याच विमानाने त्याला कोटासकट परत पाठवण्यात आले.

ती घरी येऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. पातेल्यात दोघांचे जेवण होते. आईने एकच ताट वाढले आणि विचारले, "हा जावई आहे की पाहुणा कलाकार?" ती जेवली नाही. मग मात्र आईनेही न जेवता ते ताट झाकून ठेवले.

नाते खरे असल्याचा पुरावा म्हणून तिने दोघांचे सगळे संदेश छापून खिडकीत दिले. साहेबांनी ते मन लावून वाचले. काही ठिकाणी ते हसलेदेखील. पण अर्ज फेटाळला.

"एवढ्या संदेशांत एकही भांडण नाही," ते म्हणाले. "बाई, माझंही लग्न झालंय. आम्हाला काय समजता?" आणि त्यांनी शेरा मारला, 'अनैसर्गिक सलोखा'.

सल्लागारांनी शेरा वाचून कपाळाला हात लावला, मग खुर्ची पुढे ओढली. "एक वाट आहे. घटस्फोट घ्या."

"अहो, मला त्याच्याबरोबर राहायचंय."

"म्हणून तर. कौटुंबिक न्यायालयाचा नियम आहे, विभक्त होण्यापूर्वी जोडप्याने एका छपराखाली राहून जमतंय का ते पाहायचं. जोडीदार परदेशी असेल तर त्याला त्यासाठी वेगळा व्हिसा. लगेच मिळतो. तोडायच्या कामाला आपल्याकडे रांग नसते."

तिने घरी जाऊन नवऱ्याला फोन लावला. "मला घटस्फोट हवाय."

"कधी?" त्याने विचारले.

"लवकरात लवकर. म्हणजे तुला इकडे येऊन राहता येईल."

"तुमच्या भाषेत हे प्रेमाने बोलतात का?" त्याने विचारले. ती हसायला लागली आणि मग तिला रडू आवरेना.

'विभक्त होण्यापुरता सहवास' या सदराखाली व्हिसा खरोखरच झटपट आला. या वेळी विमानतळावर कोट काढून पाहिला आणि घडी घालून परत दिला. बायकोशी पटत नाही म्हणून आलोय, असे त्याने सांगताच अधिकाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

अट एकच होती. दर महिन्याला न्यायालयातल्या समुपदेशक बाईंसमोर हजर राहायचे, आणि त्यांनी 'मतभेद कायम' असे लिहून दिले तरच मुदत वाढायची. समेट झाला तर प्रयोजन संपले, नवऱ्याने देश सोडायचा. दोघे घरी भांडणाची तालीम करू लागले.

"हा ओला टॉवेल पलंगावर टाकतो," तिने पहिल्या महिन्यात तक्रार केली.

"ओल्या टॉवेलवर कोर्ट चालत नाही," समुपदेशक बाई म्हणाल्या. "आणि हे सांगताना तुम्ही त्यांच्या कॉलरवरचा दोरा काढलात, ते मी पाहिलं." त्यांनी निरीक्षक घरी पाठवायचे ठरवले.

दोघांचे धाबे दणाणले. रंगाऱ्याने जिना रंगवताना दारांवरच्या सगळ्या नावाच्या पाट्या काढल्या होत्या आणि परत लावताना यांची पाटी समोरच्या काका-काकूंच्या दारावर ठोकली होती, हे त्या काळजीत त्यांच्या लक्षातही आले नाही. निरीक्षक आले तेव्हा हे दोघे खाली इमारतीची बंद पडलेली लिफ्ट उघडून बसले होते. तो आत वाकला होता आणि ती बॅटरी धरून त्याला पाना देत होती. निरीक्षक त्यांच्या शेजारून जिना चढून वर गेले आणि पाटी वाचून त्यांनी काकांचे दार वाजवले. नावे विचारायची नियमात तरतूद नव्हती.

"पत्नी कुठे आहेत?"

"असेल इथेच," काका पेपरामागून म्हणाले. काकू त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या.

"शेवटचं एकत्र कधी हसलात?"

काकांनी पेपर खाली घेतला. "टीव्हीवर काय लागलं होतं, त्यावर आहे."

"काही सांगायचंय?" निरीक्षकांनी काकूंना विचारले.

"यांना विचारा, चहा घेणार का," काकू म्हणाल्या.

अहवाल समुपदेशक बाईंनी दोघांना वाचून दाखवला. 'सदर घरात सहवास आढळला नाही. दोन व्यक्ती स्वतंत्रपणे, परंतु एकाच सोफ्यावर राहतात. समेटाची शक्यता शून्य.' बाईंनी चष्मा काढला. "माझ्यासमोर इतकं छान नाटक कसं हो करता?" त्यांनी हळहळून विचारले आणि पूर्ण वर्षाची मुदतवाढ लिहून दिली.

तेव्हापासून दर वर्षी निरीक्षक येतात, काकांकडे चहा घेतात आणि मुदत वाढते. पाटी तिथेच ठेवली आहे. चष्मेवाली आणि लिफ्टवाला समोरच्या घरात विनापाटी राहतात आणि ओल्या टॉवेलवरून मनापासून भांडतात.

आता मात्र काका-काकू लेकीकडे कायमचे राहायला निघाले आहेत. पाटी कुठे लावायची, या काळजीने ती हवालदिल झाली. त्याने तिची समजूत घातली. लिफ्टच्या कामासाठी तो गावभर इमारतींतून हिंडतो, उघड्या दारांतून घरे दिसतात. "कोणाचंही दार चालेल," तो म्हणाला.

सध्या ते पाटी घेऊन घरे पाहत फिरताहेत. तुमच्याकडे आले तर लगेच होकार देऊ नका, आधी बायकोला विचारा. ती आतल्याच खोलीत असेल, फोन लावून पाहा.