बारा मीटरवरची स्कूटर

"माझी स्कूटर मी बरोब्बर बारा मीटरवर उभी करतो. गोळा तिच्या सावलीलासुद्धा शिवणार नाही!" मास्तरांनी भर मैदानात जाहीर केलं.

मास्तर पदार्थविज्ञान शिकवत. हवेत फेकलेली वस्तू कुठे पडेल हे सांगण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बायकोनं टीव्हीचा रिमोट फेकला, तरी ते आधी कोन बघत आणि मग हात पुढे करत. त्यामुळे रिमोटला सगळीकडून चिकटपट्टी होती.

त्यांची सतरा वर्षांची लेक, जिला घरात सगळे चिमणी म्हणत, चार किलोचा लोखंडी गोळा फेकायची. निवड चाचणीचा अर्ज आज दुपारपर्यंत पोचायला हवा होता. त्यावर वडिलांची सही हवी होती आणि वडील पेन उघडायला तयार नव्हते.

"चाचणीत बारा मीटर लागतात," ते आदल्या दिवशी जेवताना म्हणाले होते. "तुझा गोळा सेकंदाला साडेनऊ मीटर वेगानं सुटतो. कोन कितीही साधलास तरी अकराच्या आतच पडणार. एवढा प्रवास करून रडत परत यायचं कशाला?"

"बाबा, एकदा मैदानावर येऊन बघा तरी!"

"बघायचंय काय त्यात? गणित केलंय ना!"

खरं तर लेक हरलेली त्यांना बघवत नसे. पण माया दाखवायला गेलं की त्यांच्या हातून समीकरणच निघायचं, त्याला ते तरी काय करणार!

तर ते गणित खरं करून दाखवायला सकाळी सगळे मैदानावर. खेळाच्या बाई टेप घेऊन, बायको पिशवीत अर्ज घेऊन. पहिला गोळा पडला दहा मीटर साठवर.

"बघा! तंतोतंत!" मास्तर खुलले.

"बाबा, हा नुसता अंग मोकळं करायला टाकला."

"सर, स्कूटर बाजूला घ्या हो," बाई म्हणाल्या.

"बाई, मीटरभर जागा राखून ठेवलीय. हे निसर्गाचे नियम आहेत, तुमच्या शाळेचं वेळापत्रक नव्हे!"

चिमणीनं गोळा मानेशी टेकवला. वाकली, पाठमोरी सरकली, झटक्यात वळली. गोळा अकराच्या रेषेवरून जाताना बराच वर होता. मास्तरांनी वर्गात करतात तसा हात वर केला आणि गोळ्याला म्हणाले, "थांब!"

गोळ्यानं ऐकलं नाही. धाडकन स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागेवर आदळला. ब्रेकचं पेडल वाकलं. स्कूटर क्षणभर विचार करत उभी राहिली आणि मग आडवी झाली. हॉर्न जो सुरू झाला, तो थांबेचना!

मास्तर खडू घेऊन उकिडवे बसले आणि सीटवरच आकडेमोड करू लागले. "पत्रा पाच सेंटिमीटर आत... म्हणजे धडक पाच हजार न्यूटनच्या वर!"

"अहो, आधी तो हॉर्न बंद करा!" बायको ओरडली.

"थांब गं. इथे पडला, म्हणजे सुटताना वेग... दहा पूर्णांक दोन? हे वरचे सात दशांश आले कुठून?"

"साडेनऊ हा आकडा कधीचा, बाबा?" चिमणीनं हळूच विचारलं.

"मागच्या वर्षीचा. मोबाइलवर तुझं चित्रण केलं होतं ना, तेव्हाचा."

"आणि त्यानंतर?"

"वर्षभर रोज पहाटे साडेपाचला ती बाहेर पडते," बायको म्हणाली. "दार वाजलं की तुम्ही कूस बदलता."

जुनी मोजमापं वापरणाऱ्या मुलांचे मास्तर निम्मे गुण कापत. आता त्यांना मनापासून लाज वाटली. सूत्र बरोबर होतं, गुरुत्वाकर्षण जागच्या जागी होतं. लेक तेवढी वर्षभरात कुठल्या कुठे गेली होती आणि यांनी तिला मागच्याच वर्षात बसवून ठेवलं होतं.

"अर्ज आण," ते बायकोला म्हणाले. पडलेल्या स्कूटरवरच कागद ठेवून, हॉर्नच्या गजरात, त्यांनी सही केली. चिमणीनं ते पाहिलं आणि नाक पुसायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

दुपारी गॅरेजवाल्यानं स्कूटरभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"ब्रेक तेवढा दुरुस्त करा," मास्तर म्हणाले. "पत्र्याला हात लावू नका."

"कुणी ठोकली हो ही?"

"मुलीनं," मास्तर छाती काढून म्हणाले.

"वय काय तिचं?"

"सतरा."

"अहो सर! शिकलेली माणसं तुम्ही! अशी कशी परवानगी देता?"

"तेच म्हणतो मी," मास्तर खाली बघत म्हणाले. "फार उशिरा दिली."