तांबडा अश्व सोडून निळा घेतला त्या दसऱ्याची हकिकत

श्रीगजवदनास वंदन, कुलस्वामिनीस वंदन, आणि घाटातील एकूण एक वळणास हात जोडून वंदन, की ज्यांचे कृपेने स्वार सांजेस घरी येतो. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, बृहस्पतवार, ते दिवशी या राज्यात जे घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. त्यात समजण्याजोगे थोडे आहे, त्यास लिहिणाराचा इलाज नाही.

राज्य डोंगराळ, आणि तेथे डोंगर चढणाऱ्या उंच मोटारसायकलीस अश्व म्हणत, आणि अश्वांच्या पथकाचे अग्रणी सरदार सटवोजीराव वाघचौरे, वय वर्षे अठ्ठावन्न, डावा गुडघा दुखरा, मिशा मात्र शाबूत. पथकाची रीत ऐसी की दसऱ्यास सर्वांनी शिलंगणास घाट चढून जावे, आणि माथ्यावरील सीमेच्या दगडास ज्याचे चाक प्रथम लागेल त्याने वर्षभर पुढे चालावे. अकरा वर्षे तो मान सरदारांचा, आणि अकराही वर्षे मांडीखाली तांबडा अश्व. परंतु तांबडा म्हातारा जाहला, तेल गाळू लागला, खोकत खोकत सुरू होई, आणि चढावर ऐसा तापे की सरदारांच्या पोटऱ्या भाजून निघत. त्याची दवादारू दस्तगीर मिस्त्री करीत, आणि ते इंजिनास कान लावूनच दुखणे सांगत. मग वैशाखात रायाजी बर्गे म्हणून पथकातील तरणे स्वार नवा अश्व घेऊन आले, आणि वळणावर मागून हॉर्न देऊन म्हणाले, "काका, जरा बाजू देता का?" हा 'काका' सरदारांस जिव्हारी लागला. आणि मग नवा निळा अश्व घ्यावा, तांबडा सौदागरास बदल्यात द्यावा, ऐसा करार जाहला.

निळा अश्व दसऱ्याचे आदले दिवशी स्वाधीन करताना सौदागराचे कारकुनाने त्याचे गुण सांगितले, की चिखलाची चाल वेगळी, पावसाची वेगळी, किल्ली खिशात असली म्हणजे पुरे, थंडीत मुठी ऊन होतात, आणि कपाळी डोळा आहे, पुढे कोणी चालत असेल तर अश्व आपण होऊन वेग आवरतो व अंतर राखतो. सरदार प्रत्येक गुणास "हो हो, ठाऊक आहे" म्हणत गेले, आणि त्यातील खिशातल्या किल्लीपलीकडे त्यांस काही उमगले नाही. दुसरे दिवशी प्रातःकाळी सगुणाबाईसाहेबांनी, म्हणजे सरदारांच्या कुटुंबाने, निळ्याची पूजा केली, हळदकुंकू वाहिले, चाकाखाली लिंबू ठेविले, आणि मनगटाएवढा जाड झेंडूचा हार त्याचे कपाळावर बांधिला. त्या हाराखाली तो डोळा पुरता झाकला, आणि हे कोणाचेही ध्यानी आले नाही. त्या घरची चाल ऐसी की शिलंगण पुरे होईतो वाहनाचा हार हाताने काढू नये. बाईसाहेब म्हणाल्या, "दगडाला चाक लागेपर्यंत हाराला हात लावलात तर माझी शपथ आहे." तांबड्यास हार कसला, एक फूल वाहिले, कारण दहा वाजता दस्तगीरांनी त्यास सौदागराकडे पोचवावे ऐसे ठरले होते. सरदारांनी निघताना त्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर पाय निघाला नसता.

मग पथक निघाले, आणि वेस ओलांडताच निळा अश्व मंदावला. सरदारांनी मूठ पिळली, तो पुढे धावला, आणि लगेच कोणी लगाम खेचावा तैसा पुन्हा मंदावला. समोरच्या पडद्यावर तांबडी अक्षरे उमटली, 'पुढे वाहन आहे', आणि पुढे तर चिटपाखरू नाही. मग सरदारांनी चिखलाची चाल लाविली, आणि पावसाची लाविली, आणि कोणते बटण दाबिले न कळे, मुठी ऊन होऊ लागल्या, आणि ऐन आश्विनातले ऊन, तेणेकरून सरदार घामाघूम जाहले. रायाजी पुढे गेले, जाताना म्हणाले, "काका, बरं वाटत नाही का?" आणि मागोमाग अवघे पथक पुढे गेले. सरदारांची मती गुंग जाहली. अश्वात खोट म्हणावी तर तो काल निर्मिलेला, आपल्या हातात म्हणावी तर अकरा वर्षे हेच हात पुढे होते. अक्षरे तर हटेनात. पुढे वाहन आहे, पुढे वाहन आहे. मग त्यांचे मनात आले की आपला तांबडाच अदृश्य होऊन पुढे चालला की काय, आणि हा निळा पोर त्याची अदब राखतो की काय. हा विचार येताच त्यांस रडू फुटले, आणि हेल्मेटची काच वर करून त्यांनी डोळे पुसले.

अर्ध्या घाटात एका बाईची चहाची टपरी. तेथे सरदार उतरले आणि घरी फोन लाविला. "तांबड्याला सौदागराच्या हाती देऊ नका. हा निळा परत करतो. मला हे जमत नाही."

बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, तो दहालाच गेला की. दस्तगीरभाई घेऊन गेले."

सरदार बाकावर बसले आणि चहा निवून गेला तरी त्यांस भान नाही. इतक्यात टपरीवाल्या बाईची शेळी आली आणि तिने निळ्याच्या कपाळावरील हार खावयास आरंभ केला. बाई हाकलू लागली, परंतु सरदार म्हणाले, "खाऊ द्या. शपथ माझ्या हाताला आहे, तिच्या तोंडाला नाही." शेळीने दोऱ्यापर्यंत सर्व फस्त केले. मग सरदार, मान तर गेलाच, निदान दगडाचे दर्शन घ्यावे म्हणून स्वार जाहले, आणि निळा अश्व ऐसा उधळला की घाटाची वळणे जणू आपण होऊन बाजूस सरली. गुडघा दुखेना, पोटरी भाजेना, अक्षरे नाहीत. आनंद करावा तर तांबडा गेला, शोक करावा तर मांडीखाली वारा. दोहोंपैकी काय करावे ते सरदारांस ठरविता येईना.

माथ्यावर पाहतात तो अवघे पथक उभे, आणि सीमेच्या दगडास चाक टेकून तांबडा, खाली तेलाचा थेंब, आणि शेजारी दस्तगीर मिस्त्री विडी ओढत बसलेले.

"सौदागराच्या दारापर्यंत नेला, सरकार," मिस्त्री उठून म्हणाले. "दारात बंद पडला. काही केल्या सुरू होईना. तोंड इकडं वळवलं तर पहिल्या बटणाला लागला. म्हटलं, जाता जाता याला एक शिलंगण तरी घडू द्यावं. धनगरवाटेनं आणला, ती घाटापेक्षा निम्म्यानं जवळ." पेट्रोलचा कॉक सौदागराच्या दारात कोणी बंद केला, हे पुसण्यास कोणी धजले नाही. मिस्त्रींनी किल्ली पुढे केली. "घ्या तुमचा घोडा."

एक किल्ली समोर, एक खिशात, आणि दोहोंच्या मध्ये सरदार. रायाजी म्हणाले, "मिस्त्री पथकातले नाहीत. मान माझा होतो."

"रीत काय आहे, रायाजी? ज्याचं चाक आधी लागेल त्याचा मान," सरदार म्हणाले. "तांबड्याचं लागलं." आणि मिस्त्रींची मूठ त्यांनी किल्लीवर मिटली. "सौदागराचं मी बघतो. मिस्त्री, तुम्ही पुढं चला. मी मागनं येतो."

मग तांबडा खोकत पुढे निघाला, आणि मागे निळा, आणि त्यांचे मागे रायाजी व पथक. निळ्याच्या पडद्यावर पुन्हा तीच अक्षरे आली, 'पुढे वाहन आहे', आणि अश्वाने आपण होऊन वेग आवरला. या खेपेस सरदारांनी एकही बटण दाबिले नाही. "आहे," ते हेल्मेटात म्हणाले.

एकूण हकिकत इतकी. मान दस्तगीरांस, निळा सरदारांस, आणि तांबड्याची किंमत रोख भरून सौदागराचा बदल्याचा करार मोडला. निळा का अडला आणि का सुटला हे सरदारांस अद्याप कळलेले नाही, परंतु दर दसऱ्यास त्या घाटात शेळीस हार चारण्याची चाल पडली, ती चालू आहे. लेखनसीमा.